भोंग्यांचे शिवार : पिकाची राखण आणि गावाची झोप

यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव आणि पांढरकवडा या तालुक्यांच्या पट्ट्यातील एका लहान गावात रब्बीच्या हंगामात रात्रीची झोप अवघड झाली, त्या प्रकरणाचा हा अभ्यास आहे. गावात कारखाना नाही, जिनिंग नाही, महामार्ग दूर आहे आणि लग्नसराईतला डीजे वर्षातल्या मोजक्याच रात्री वाजतो. झोप उडवणारा आवाज गावाच्याच वावरांतून येत होता. रानडुकरे आणि रोही (नीलगायी) पिकात शिरू नयेत म्हणून शेतकऱ्यांनी धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, भोंगे लावले होते आणि ते दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत वाजत असत. गावाचे आणि माणसांचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण ज्यांनी तक्रार केली आणि ज्यांच्याविरुद्ध झाली ते सगळे आजही एकाच पांदणीने वावरात जातात.

ध्वनिप्रदूषणाच्या बहुतेक प्रकरणांत आवाज करणारा एक आणि सोसणारा दुसरा असतो, आणि करणाऱ्याच्या हौसेला किंवा नफ्याला आळा घातला की प्रश्न सुटतो असे गृहीत धरून आपण बोलतो. या गावात ज्याचा भोंगा रात्रभर वाजत होता त्याच्याच घरात त्याची म्हातारी आई जागी राहत होती. येथे आवाज एक काम करत होता. ते काम दुसऱ्या कोणी अंगावर घेतल्याशिवाय आवाज थांबणार नव्हता, आणि हे ध्यानात यायला गावाला दोन हंगाम लागले.

जागलीच्या जागी भोंगा

सोयाबीन ऑक्टोबरात निघाले की त्याच वावरात हरभरा पेरला जातो. शेजारी तूर आणि कपाशी उभीच असते. डुकरांचा कळप आधी पेरलेले दाणे उकरतो, पुढे घाटे धरले की एका रात्रीत तासच्या तास लोळवून जातो, आणि रोही तुरीचे शेंडे व शेंगा ओरबाडतात. वन विभागाकडे अर्ज करून पंचनाम्यानंतर नुकसानभरपाई मिळते, परंतु ती झालेल्या नुकसानीची असते आणि हातात येईपर्यंत हंगाम सरलेला असतो. त्यामुळे जागल ही या भागात शेतीच्या कामांपैकीच एक काम समजली जाते. मचाणावर किंवा खोपडीत बसायचे, शेकोटी धरायची, टॉर्च फिरवायचा, रिकामा डबा बडवायचा आणि अधूनमधून हाकारा द्यायचा, असा तिचा क्रम. जागलीतही आवाज होताच, परंतु जागल करणारा बराच वेळ गप्प राहून कान देऊन बसे आणि पिकात खसखस ऐकू आली तरच ओरडे.

हा क्रम मोडण्याची दोन कारणे गावकरी सांगतात. पहिले कारण वाघाचे. टिपेश्वर अभयारण्य जवळ असल्याने वाघाचा वावर या पट्ट्याला नवा नव्हता, परंतु 13 माणसांच्या मृत्यूला जबाबदार धरली गेलेली टी-1 वाघीण राळेगावच्या परिसरात फिरत होती त्या काळात रात्रीची जागल जवळजवळ बंद पडली. 2 नोव्हेंबर 2018 रोजी ती वाघीण मारली गेली, तरी एकट्याने वावरात रात्र काढण्याचा धीर गावाला परत आला नाही. दुसरे कारण माणसांचे. तरुण मुले नागपूर-पुण्याकडे गेली, मजूर दिवसाचे काम धरतो पण रात्रीचे धरत नाही, आणि घरी उरलेल्या पन्नाशीच्या माणसाने दिवसभर राबून पुन्हा रात्रभर जागायचे हे किती दिवस चालणार?

तालुक्याच्या बाजारात आवाज साठवून तोच पुन्हापुन्हा वाजवणारा लहान भोंगा मिळतो आणि तो फवारणी पंपाच्या बॅटरीवर रात्रभर चालतो. पहिल्या शेतकऱ्याने आपलाच हाकारा त्यात भरला, दुसऱ्याने कुत्र्यांचे भुंकणे भरले, तिसऱ्याने मोबाइलवरून वाघाची डरकाळी उतरवून घेतली. गावाला सगळ्यांत जवळ असलेल्या वावरातील भोंग्यात बापाचा लांबलचक हाकारा होता, मग पत्र्याच्या डब्यावर काठीचे चार ठोके, आणि शेवटी, भरताना बटण वेळेवर न दाबले गेल्यामुळे, त्याच्या लहान मुलीचा प्रश्न, "बाबा, झालं का?" संपूर्ण हंगामभर हा प्रश्न रात्रभर दर मिनिटाला गावावरून जात असे. शाळेत मुलांनी त्याची नक्कल करून त्या मुलीला इतके छळले की तिने काही दिवस शाळेत जायचे सोडले.

भोंगे वाढले ते एका साध्या हिशेबामुळे. भोंगा डुकरांची भूक कमी करत नाही, तो फक्त त्यांना शेजारच्या वावरात लोटतो. एकाने लावला की धुऱ्याला धुरा असलेल्याला लावावाच लागतो, आणि ज्याच्याकडे नाही त्याच्याच पिकावर सगळ्या कळपाचा भार येतो. गावाच्या तीन बाजूंनी भोंगे उभे राहिले त्यामागे कोणाची चढाओढ होती असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल. मागे राहिलेल्याचे पीक जात होते, एवढेच.

गावाला काय ऐकू येत होते

मोकळ्या जागेत एका बिंदूपासून निघणारा आवाज अंतर दुप्पट झाले की सुमारे 6 डेसिबलने उतरतो. भोंग्याचा आवाज त्याच्या तोंडापासून एक मीटरवर 100 डेसिबल धरला, तर या हिशेबाने अर्ध्या किलोमीटरवर तो सुमारे 46 डेसिबल राहतो. असे दहा सारखे भोंगे एकाच वेळी वाजले तर त्यात आणखी 10 डेसिबलची भर पडते. प्रत्यक्षात उभे पीक आणि मऊ जमीन काही आवाज शोषून घेतात, म्हणून दिवसा तो इतका पोहोचत नाही. हिवाळ्याच्या रात्री मात्र उलटे घडते. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते, वर जाणारा आवाज या थरांमुळे पुन्हा खाली वळतो आणि एरवी ऐकू न येणारे दूरचे आवाज स्पष्ट येतात. हरभऱ्याला घाटे धरण्याचा काळ आणि अशा रात्रींचा काळ एकच असल्यामुळे भोंग्यांची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच ते सर्वांत दूर पोहोचतात.

कायद्याच्या चौकटीत हे बसवायला गेले की अडचण येते. ध्वनिप्रदूषण (नियमन आणि नियंत्रण) नियम, 2000 मध्ये औद्योगिक, वाणिज्य, निवासी आणि शांतता असे चार प्रकारचे क्षेत्र आहे. निवासी क्षेत्रासाठी दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि ती दिलेल्या काळातील सरासरीवर ठरते. थोडा वेळ वाजून पाऊण मिनिट गप्प बसणारा भोंगा सरासरीत बराच सौम्य दिसतो. झोपलेल्या माणसाला जाग येते ती सरासरीमुळे नव्हे, तर आजूबाजूच्या शांततेतून एकदम वर उसळणाऱ्या आवाजामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये चांगल्या झोपेसाठी शयनगृहात सततचा आवाज 30 डेसिबलपर्यंत आणि एकेकट्या आवाजाची उसळी 45 डेसिबलपर्यंत असावी असे म्हटले आहे. ज्या गावात रातकिड्यांखेरीज काही वाजत नव्हते आणि घरांना कौले व उघडे झरोके आहेत, तेथे नियमांच्या काठावरचा आवाजही घरात शिरून झोपमोड करतो.

शिवाय हे आवाज अर्थ असलेले होते, ही बाब डेसिबलमध्ये मोजता येत नाही. भोंग्यातले कुत्रे भुंकले की गावातली खरी कुत्री उत्तर देत, आणि एकदा सुरू झालेले भुंकणे तासभर थांबत नसे. वाघाच्या डरकाळीमुळे पहाटे अंधारात बाहेर पडणाऱ्या बायका परत घरात जात. ही भोंग्यातली की खरी, हे ठरवण्याची जोखीम त्यांनी का घ्यावी? दहावी-बारावीची मुले फेब्रुवारीत कानात कापूस घालून अभ्यास करत होती. एका बाळंतिणीला सासरहून माहेरी आणले होते, ती सव्वा महिना पूर्ण होण्याआधीच परत गेली. उच्च रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या एका वृद्धाने खाट गोठ्यात हलवली, कारण गोठ्याला कुटाराच्या गंजीची आड होती. तेथे डास होते, पण आवाज कमी होता.

गावातील सत्तरीच्या एका बाईंनी सांगितलेली गोष्ट मला या सगळ्यांत महत्त्वाची वाटते. त्या म्हणाल्या, "पहिले रातच्याले आवाज आला की मानूस उठून बसे, कोनाच्या घरी काय झालं म्हनून पाहे. आता कोनी उठत नाई." त्यांना हवी असलेली शांतता निर्जीव नव्हती. टिटवी ओरडली, गुराने दावे ओढले, कोणी हाक मारली, तर ते ऐकू यावे आणि त्याचा अर्थ लागावा, एवढीच त्यांची मागणी होती.

तक्रार आणि तिचे फळ

पहिल्या हंगामात एका निवृत्त शिक्षकांनी 112 वर फोन केला. पोलिसांची गाडी आली, गावालगतचे दोन भोंगे बंद करून गेली, आणि तेथे पोहोचायला कोणाच्या फोनवरून निघाली हे सकाळपर्यंत गावभर झाले. नियमांकडे पाहता पोलिसांची कृती बरोबरच होती. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत ध्वनिक्षेपक किंवा आवाज निर्माण करणारे कोणतेही साधन बंदिस्त जागेखेरीज किंवा सार्वजनिक आपत्तीखेरीज वापरता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकारला वर्षातील जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्री 12 पर्यंत सूट देता येते, परंतु हरभऱ्याची राखण हा सण नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2005 च्या निकालात आवाजापासून मुक्त वातावरणात राहणे हे घटनेच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काशी जोडले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने प्रार्थनास्थळांवरील भोंग्यांच्या प्रकरणात जानेवारी 2025 मध्ये तक्रारदाराची ओळख न विचारता पोलिसांनी कारवाई करावी असे निर्देश दिले, त्यामागे तक्रारदाराचे नाव फुटण्याची हीच भीती आहे.

दोन दिवसांनी बंद केलेल्या भोंग्यांपैकी एका वावरात डुकरे शिरली. ती भोंगा बंद झाल्यामुळे शिरली की शिरणारच होती, हे कोणी सांगू शकत नाही, पण गावाने निष्कर्ष काढला आणि गुरुजींशी बोलणे बंद झाले. भोंगे पुन्हा सुरू झाले. त्यानंतर पोलिसांना कोणी फोन केला नाही, आणि शेतकऱ्यावर गुन्हा दाखल करण्याची पोलिसांचीही इच्छा दिसली नाही. मला त्यात दोष दिसत नाही. कायदा येथे योग्य होता, मात्र "भोंगा बंद केल्यावर वावरात कोण बसणार?" या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे नव्हते.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत हा प्रश्न तोंडावर फेकला गेला. ज्यांचे वावर जंगलाला लागून आहे असे एक शेतकरी उभे राहून सरपंच बाईंना म्हणाले, "ताई, भोंगा बंद कराले माही ना नाई. पन मंग वाघाच्या तोंडाशी रातभर मी बसू का तुमी बसता?" त्याच्या पाठोपाठ दुसरा मुद्दा आला आणि तोही चुकीचा नव्हता. मंदिरावरचा कर्णा सप्ताहात पहाटे चारला सुरू होतो, तेव्हा गुरुजींची झोप मोडत नाही काय? सभेत आवाज चढले आणि ठराव न होता सभा आटोपली.

या दुसऱ्या मुद्द्यावर हालचाल झाली ती अनपेक्षित दिशेने. गावात सायंकाळी सामुदायिक प्रार्थना चालते आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना मानणारी मंडळी बरीच आहेत. महाराजांचे निर्वाण 11 ऑक्टोबर 1968 रोजी दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी झाले. गुरुकुंज मोझरीला पुण्यतिथी महोत्सवात त्या वेळेला लाखोंचा समुदाय स्तब्ध उभा राहून मौन श्रद्धांजली वाहतो, आणि या गावातून दरवर्षी गाडी भरून माणसे तिकडे जातात. प्रार्थना मंडळातील एका काकाजींनी आपणहून प्रस्ताव मांडला की मंदिरावरचा कर्णा उतरवावा आणि आत लहान स्पीकरची पेटी ठेवावी, म्हणजे दुसऱ्यांना सांगायला तोंड राहील. तो प्रस्ताव मान्य झाला. भोंगे लगेच कमी झाले नाहीत, परंतु बोलणी पुन्हा सुरू झाली.

ओलिताच्या रात्रीचा प्रसंग

दुसऱ्या हंगामात वीज रात्रीच्या पाळीची होती आणि हरभऱ्याला ओलीत करायला एक शेतकरी मध्यरात्रीनंतर वावरात गेले होते. पाइप बदलताना ते नाल्याच्या काठावरून घसरले आणि पायाचे हाड मोडले. मोबाइल खोपडीत राहिला होता. ते ओरडत राहिले. गावाच्या टोकाच्या घरांतील किमान दोघांनी तो आवाज ऐकला आणि भोंग्यात नवीन हाकारा भरला असावा असे समजून कूस बदलली. पहाटे दूध घेऊन निघालेल्या मुलाला ते सापडले. थंडीने काकडले होते, पण वाचले.

शेतकऱ्यांच्या मनावर डेसिबलच्या आकड्यांचा किंवा न्यायालयांच्या निकालांचा परिणाम झाला नव्हता. या घटनेचा झाला, कारण पडलेला माणूस त्यांच्यापैकीच होता आणि त्याच्या स्वतःच्या वावरातही भोंगा वाजत होता. माणसाच्या हाकेची किंमत आपणच शून्यावर आणली, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

काय ठरले

त्यानंतरच्या बैठकीला कृषी सहायक आणि वनरक्षक हजर होते. सगळ्यात आधी, आणि एकमताने, असे ठरले की कोणत्याही भोंग्यात माणसाचा आवाज भरायचा नाही आणि वाघाचाही नाही. हाकारा आला म्हणजे माणूस अडचणीत आहे असे समजून उठायचे. उपाय म्हणून हा सर्वांत स्वस्त होता आणि माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा, कारण त्याने आवाजाची पातळी फारशी घटली नाही तरी रात्रीला तिची भाषा परत मिळाली.

दुसरी चर्चा भोंगा खरोखर किती काम करतो यावर झाली, आणि तेथे शेतकऱ्यांच्या अनुभवातूनच उत्तर निघाले. नवीन भोंगा लावला की डुकरे काही रात्री येत नाहीत. पुढे ती दबकत येतात आणि मग भोंग्याखालीच चरतात. ज्या आवाजामागून कधीच धोका येत नाही त्याला प्राणी सरावतात, हे वन्यप्राण्यांना आवाजाने हाकलण्याच्या सर्वच पद्धतींबाबत दिसून आलेले आहे. शेतकरी यावर आवाज वाढवत होते, त्यामुळे गावाचा त्रास वाढला आणि डुकरांना काही फरक पडला नाही. सरावणे लांबवायचे असेल तर आवाज अवचित यायला हवा, त्याची जागा बदलायला हवी आणि अधूनमधून त्याच्यामागून खरा माणूस निघायला हवा. म्हणून भोंगे रात्रभर न चालवता टायमर लावून वेळी-अवेळी थोडा वेळ चालवायचे, दर काही दिवसांनी जागा बदलायची आणि तोंड नेहमी जंगलाकडे करायचे असे ठरले. कर्ण्याच्या आकाराचा भोंगा समोर जितका आवाज फेकतो त्याच्या मानाने मागे बराच कमी फेकतो. नुसते तोंड फिरवल्याने गावालगतच्या घरांना जो फरक पडला तो ऐकणाऱ्यांना मोजमापाशिवाय कळला. खरा माणूस म्हणून चौघांची गटजागल सुरू झाली. एकट्याने मचाणावर बसण्याऐवजी चौघे मिळून ट्रॅक्टरवर मोठा दिवा घेऊन दोन फेऱ्या मारतात आणि डिझेलचा खर्च एकरी वर्गणीतून निघतो.

तिसरा उपाय कुंपणाचा. शेताभोवतीच्या तारेत थेट वीज सोडण्याने विदर्भात माणसेही मेली आहेत आणि वाघही. तो गुन्हा आहे, हे वनरक्षकाने बैठकीत दोनदा सांगितले. सौर कुंपणात सलग प्रवाह नसून क्षणभराचे झटके असतात, प्राणी बिचकून मागे सरतो आणि मरत नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्यासाठी अनुदान मिळते. जंगलाला लागून असलेल्या काही वावरांनी ते घेतले, आणि त्या बाजूचे भोंगे शेतकऱ्यांनी स्वतःच काढून नेले. कोणी सांगायला गेले नव्हते.

या हंगामात गावात झोप मिळू लागली आहे, पण सगळ्यांना नाही आणि रोज नाही. गावाच्या दक्षिणेचे भोंगे अजून रात्रभर वाजतात. ती वावरे मक्त्याने केलेली आहेत. सातबारा जमीनमालकाच्या नावावर, मालक यवतमाळला किंवा नागपूरला. कुंपणाच्या अर्जाला त्याची सही लागते, आणि पुढच्या वर्षी तेच वावर आपल्याकडे राहील याची खात्री नसताना मक्तेदाराने स्वतःच्या हिश्शाचे पैसे तारेत का घालावे? भोंगा मात्र उचलून दुसऱ्या वावरात नेता येतो. एकरी वर्गणीवरूनही वाद आहे, कारण मक्ता भरून वर वर्गणी देणे यांना जड जाते आणि मालक ती आपली जबाबदारी मानत नाहीत. मालकांना पत्रे पाठवून वर्गणी त्यांच्याकडून घ्यावी, असा ठराव सरपंच बाईंनी पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत घातला आहे. मालकांपैकी दोघांनी फोनवर होकार दिला असून बाकीच्यांची उत्तरे यायची आहेत.